दोनशे मायक्रॉनच्या जाळीतून मालवण

मालवणला जाणारे बहुतेक जण मासे खायला जातात, काही पाण्याखाली उतरून ते बघायला. आम्ही चौघं डिसेंबरात पाच दिवस जाऊन आलो ते मासा, कोळंबी, कुर्ली, शिनाणे म्हणजे शिंपले ही मंडळी ओळखू येण्याइतकी मोठी व्हायच्या आधी जशी असतात, तशी गाळून आणायला. म्हणजे प्लवक. पाणी नेईल तिकडे जाणारे, ओढीविरुद्ध पोहायची ताकद नसलेले जीव. कोपेपॉडसारखे काही, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले कणभर जीव, जन्मभर प्लवकच राहतात. खेकड्यांचे झोइया, शिंपल्यांचे व्हेलिजर, माशांची अंडी हे सगळे काही दिवसांचे किंवा आठवड्यांचे पाहुणे. पुस्तकात यांना डिंभ म्हणतात, बोलताना सगळे लार्व्हाच म्हणतात, म्हणून इथेही तेच.

तारखा नुसत्या सुट्ट्या बघून नाही, तिथीही बघून ठरवल्या. द्वादशीला पोचायचं, पौर्णिमेचं उधाण चौथ्या दिवशी गाठायचं आणि प्रतिपदेला परत. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, गेलं तर खाडीत पाण्याला ओढच नसते आणि निम्मं काम फुकट जातं.

पहिला दिवस, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी: टाकणखार आणि बांगडे

कुडाळपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. जाळी, बाटल्या, सूक्ष्मदर्शक बरोबर होते. फॉर्मेलिन आणि अल्कोहोल मात्र रेल्वेतून नेता येत नाही, म्हणून जिल्ह्यातल्याच एका रसायनवाल्याला पंधरा दिवस आधी फोन करून ठेवला होता. ऐनवेळी गेलं तर मिळेलच असं नाही.

दुपार सगळी फॉर्मेलिनच्या खटपटीत गेली. बाजारातलं फॉर्मेलिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं द्रावण. ते ठेवल्या ठेवल्या आम्लधर्मी होत जातं, आणि आम्लात शिंपल्यांच्या लार्व्हांची चुन्याची कवचं विरघळतात. महिन्याने बाटली उघडावी तर व्हेलिजरच्या जागी नुसता मऊ ठिपका. त्यावर उपाय बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. तळाशी थोडा न विरघळलेला थर उरेपर्यंत तो फॉर्मेलिनमध्ये घालत राहायचा आणि वरचं निवळ वापरायचं. हे काम अंगणात, वाऱ्याची दिशा बघून आणि हातमोजे घालून करावं. बंद खोलीत एकदा केलेला माणूस पुन्हा करत नाही.

मग चिठ्ठ्या. प्रत्येक नमुन्याची चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची, जाड कागदावर आणि शिसपेन्सिलीने. शाई पसरते. बाहेरून मार्करने लिहिलेलं अल्कोहोलचा एक थेंब सांडला की पुसलं जातं. आतल्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, जाळीचं माप आणि जाळ्यातल्या प्रवाहमापकाच्या काट्याचे दोन आकडे इतकं तरी हवंच.

संध्याकाळी बंदरावर लिलाव. सुरमई, सरंगा, पेडवे, टोपलीभर कोळंबी. आम्ही सहा बांगडे आणि मूठभर तारल्या घेतल्या, आणि घरमालकीण काकींच्या परवानगीने साफ करण्याआधी त्यांची पोटं उघडली. बांगड्याचा कल्ला उचलून आत बघितलं तर कमानीवर बारीक दात्यांची रांग दिसते. ती त्याची चाळणी. पोटातला लगदा थेंबभर पाण्यात पसरून पाहिला तर कोपेपॉडचे तुकडे, डायाटमच्या, म्हणजे काचेसारख्या कवचाच्या एकपेशी शैवलाच्या, एक-दोन साखळ्या, कोळंबीच्या लार्व्हाचा डोळा. तारलीचे दाते आणखी बारीक आणि दाट, तिच्या पोटात मुख्यतः डायाटमच. तारली फ्रॅजिलेरिया ओशनिका या डायाटमवर किती अवलंबून असते हे भारतीय मत्स्यशास्त्रात जुनं आणि गाजलेलं निरीक्षण आहे. म्हणजे एकाच पाण्यातून दोन मासे दोन वेगळी जेवणं गाळून घेतात. आपल्या जाळीचंही तसंच असतं, हे दुसऱ्याच दिवशी नीट दिसलं.

"लोक आतडी फेकतत नि तुमी ती बाटलीत घालतास?" काकींनी विचारलं. उरलेले बांगडे तिरफळं घातलेल्या आमटीत गेले.

दुसरा दिवस, त्रयोदशी: उघडं पाणी

सकाळी साडेसहाला होडी. डिसेंबरात इथे पहाटेपासून मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, आणि पाणी तेलासारखं शांत. अकराच्या सुमारास तो पडतो, खारा वारा सुटतो आणि लाटा उठायला लागतात. जाळं ओढायचं ते या अकराच्या आत. नंतर होडी डुलली की जाळ्याचं तोंड पाण्याबाहेर येतं, काटा हवेत फिरतो आणि आकडा खोटा येतो.

भरतीची वेळ काढायला जुना हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट. त्रयोदशी म्हणजे तेरा, त्याचे पाऊण पावणेदहा. पावणेदहाला पूर्ण भरती. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तक्ताही बघावाच. पण तक्ता मुंबईचा असेल तर मालवणात पाणी त्याच्या थोडं आधी भरतं. भरती-ओहोटीतला फरकही इथे मुंबईइतका नसतो. उधाणालाही दोन-अडीच मीटरच.

परवानगीचं आधी सांगतो, कारण इथे लोक चुकतात. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचं पाणी त्यात येतं. या हद्दीत नमुना घ्यायचा तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, मग तो नमुना बाटलीभर पाण्याचा का असेना. आम्ही हद्दीबाहेर गेलो. जीपीएसवर हद्दीचे बिंदू घालून ठेवले होते आणि होडीवाल्या काकांना ती पाठच होती.

जाळी तीन नेली होती: २० मायक्रॉन, २०० मायक्रॉन, ५०० मायक्रॉन. हे माप छिद्राचं, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिन्हींचं तोंड ५० सेंटिमीटर व्यासाचं. तोंडाला तीन दोऱ्यांची लगाम, मागे निमुळत्या टोकाला जाळी लावलेली बादली, लगामाखाली पाच किलोचं वजन. तोंडात प्रवाहमापक, म्हणजे किती पाणी आत गेलं ते मोजणारा काटा. तो अगदी मध्यावर नको, कडेपासून थोडा आत असावा, कारण मध्यावर लगामाच्या दोऱ्यांचा अडथळा येतो.

ओढायची रीत अशी. काट्याचा आकडा लिहून घ्यायचा. होडी अगदी सावकाश, ताशी दोन सागरी मैलांच्या आसपास. जाळं सोडायचं आणि दोर सरळ रेषेपासून किती कलला ते कोनमापकाने बघायचं. वीस मीटर दोर सोडला आणि तो उभ्या रेषेपासून साठ अंश कलला, तर जाळं दहा मीटर खोल. पाच मिनिटं ओढायचं, वर घ्यायचं, पुन्हा आकडा. मग जाळं बाहेरून धुवायचं. आतून पाणी मारलं तर जे जाळ्यात आलेलंच नाही तेही नमुन्यात मिसळतं. बाहेरून बादलीभर पाणी वरून खाली ओतत आणलं की कडेला चिकटलेले जीव तळाच्या बादलीत उतरतात.

हिशेब सोपा आहे. प्रचलित प्रवाहमापकात दोन आकड्यांतल्या फरकाला २६,८७३ ने गुणून ९,९९,९९९ ने भागलं की मीटर मिळतात. समजा फरक १०,४२० आला, तर जाळं २८० मीटर गेलं. तोंडाचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर, म्हणजे ५५ घनमीटर पाणी गाळलं. काटा नसेल तर वेग गुणिले वेळ करून लोक भागवतात, पण त्यात जाळं तुंबल्याचं कळत नाही.

आणि ते तुंबतंच. २० मायक्रॉनचं जाळं दोन मिनिटांत हिरवट-तपकिरी चिखलासारख्या डायाटमनी लिंपलं गेलं. तोंडापुढे पाणी उभं राहून कडेने निसटायला लागलं, काटा जवळजवळ थांबला. यात जाळ्याचा दोष कमी आणि मापाचा जास्त. २०० मायक्रॉनच्या कापडाचा सुमारे ४५ टक्के भाग छिद्रांचा असतो, २० मायक्रॉनचा जेमतेम १५ टक्के. छिद्रांचं एकूण क्षेत्र तोंडाच्या क्षेत्राच्या निदान चार-पाच पट असलं पाहिजे. ५० सेंटिमीटर तोंडाचं, दीड मीटर लांब, २०० मायक्रॉनचं जाळं घ्या: शंकूचा पृष्ठभाग १.१८ चौरस मीटर, त्याचे ४५ टक्के ०.५३, भागिले ०.१९६ म्हणजे २.७ पट. कमी पडतं. तेच अडीच मीटर लांब शिवलं की साडेचार पट होतं. शिंप्याकडून जाळं शिवून घेणारे कापड वाचवायला लांबी कापतात, आणि मग दोन वर्षं तुंबलेल्या जाळ्याचे आकडे मोजत बसतात. २० मायक्रॉनचं मग आम्ही ओढलंच नाही. बादलीने मोजून पन्नास लिटर पाणी त्यातून गाळलं. वनस्पतिप्लवकासाठी तेवढं पुष्कळ, आणि आकडा पक्का.

एक ओढ वाया गेली. तळाच्या बादलीची पट्टी अर्धवट आवळलेली होती आणि जाळं वर येताना ती समुद्रात गेली. तेव्हापासून पट्टी तर आवळायचीच, शिवाय बादलीच्या कानाला दोरीचा फास घालून तो जाळ्याच्या कडीला अडकवायचा. काका हसले नाहीत, पण दुसऱ्या ओढीला फास त्यांनीच घातला.

तीन मापांचे तीन समुद्र होते. वीसमध्ये डायाटमच्या साखळ्या, डायनोफ्लॅजेलेट हे शेपटीने पोहणारे एकपेशी जीव आणि कोपेपॉडची नॉप्लियस पिल्लं. दोनशेमध्ये अॅकार्शिया, टेमोरा, पॅराकॅलॅनस हे कोपेपॉड, पेनिलिया हा पाणपिसवांच्या नात्यातला जीव, पारदर्शक बाणासारखे किटोग्नॅथ, माशांची काचेच्या मण्यांसारखी अंडी. अंडी एक मिलिमीटरच्या आतबाहेर, कुणाच्या आत तेलाचा एक थेंब. पाचशेमध्ये कोपेपॉड जवळजवळ नाहीत, पण काडीसारखे बारीक, कोळंबीच्या नात्यातले ल्युसिफर, मोठे झोइया, आणि मूठभर जवळा. हो, जवळाही प्लवकच. तोही कोळंबीच्या नात्यातला, पण जन्मभर पाण्याच्या मर्जीवर.

यावरून एक जुनी गोष्ट आठवते. १९६० ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत प्राणिप्लवकासाठी एकच ठरलेलं जाळं वापरायचं ठरलं: तोंड एक चौरस मीटर, छिद्र ३३० मायक्रॉन. नमुने कोचीला एकत्र येऊन निवडून वेगळे केले गेले, आणि मोहिमेपाठोपाठ १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय आज गोव्यात दोनापावलाला आहे. ती एकवाक्यता मोठी गोष्ट होती. पण ३३० मधून ऑयथोनासारखे बारीक कोपेपॉड निसटतात. त्या काळचे आकडे आजच्या २०० मायक्रॉनच्या शेजारी ठेवून समुद्रात कोपेपॉड वाढले म्हणणारा लेख दिसला, तर आधी जाळीचं माप बघावं.

होडीवरच नमुने बंद केले. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत प्लवक आणि समुद्राचं पाणी मिळून ४७५, वर २५ मिलिलिटर फॉर्मेलिन. प्लवकाचा गाळ बाटलीच्या चतुर्थांशाहून जास्त नको, नाहीतर आतला भाग कुजतो. कंगव्या-जेली जाळ्यात येतात, त्या आधी मोठ्या चाळणीवर काढून, धुऊन, मोजून परत सोडाव्यात. फॉर्मेलिनमध्ये त्यांचा नुसता चोथा होतो आणि बाकीचा नमुना त्यात लडबडतो.

दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि तिसऱ्यांचं सुकं. मग कुणी काही लिहिलं नाही.

तिसरा दिवस, चतुर्दशी: कर्ली खाडी, रात्र

दिवसा फार काही केलं नाही. देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली अरुंद वाळूची पट्टी. एका अंगणातून दोन्ही पाणी दिसतात. तोंडापासून नेरूरपारच्या दिशेने जात, प्रत्येक ठिकाणी क्षारता मोजली. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकायचे, पण त्याआधी ऊर्ध्वपातित पाण्याने काटा शून्यावर आणायचा. ऊन्हात तापलेल्या यंत्राने घेतलेलं माप फसवतं, म्हणून ते सावलीत ठेवायचं. डिसेंबरात नदीचं गोडं पाणी ओसरलेलं असतं, त्यामुळे तोंडाशी चव आणि आकडा दोन्ही समुद्राचेच. कडेने चिपी, तिवर, कांदळ ही खारफुटी. बगळे चिखलात.

दांडीच्या किनाऱ्यावर एक जण होडी उलटी करून बार्नेकल, म्हणजे तळाला घट्ट चिकटणारे कवचवाले जीव, खरवडत होता. ते टोपलीभर मागून घेतले. कशाला, ते चौथ्या दिवशी.

खरं काम रात्री आठनंतर. कोळंबीची मादी अंडी घालते ती समुद्रात. अंड्यातून नॉप्लियस, मग प्रोटोझोइया, मग मायसिस, आणि शेवटी पोस्टलार्व्हा. हे पोस्टलार्व्हा खाडीत शिरतात, खारफुटीच्या मुळांत वाढतात आणि मोठे होऊन परत समुद्रात जातात. सेंटिमीटरभर लांबीचा जीव ओहोटीविरुद्ध पोहून वर जाणार नाही हे उघड आहे. तो तसं करतही नाही. भरती सुरू झाली की तळावरून उठून पाण्यात येतो आणि आत वाहत जातो. ओहोटी लागली की तळाशी बसून राहतो. दर भरतीला थोडं थोडं. खेकड्यांचं उलट: झोइया ओहोटीबरोबर बाहेर जातात, समुद्रात वाढतात, आणि मेगॅलोपा होऊन भरतीबरोबर परत येतात.

म्हणून इथे जाळं ओढायचं नसतं, होडी नांगरून जाळ्याचं तोंड भरतीकडे करून धरून ठेवायचं. कोळ्यांच्या डोल जाळ्यासारखं. पाणी स्वतःच जाळ्यातून जातं आणि प्रवाहमापक ते मोजतो. दर दहा मिनिटांनी वर घ्यायचं, कारण खाडीत पानं, गवत, चिखल येतो आणि तो आतल्या जिवांना चिरडतो. तोंडाशी वाळूचे पट्टे दर वर्षी जागा बदलतात, रात्री तिथे ओळखीच्या होडीवाल्याशिवाय जाऊ नये. काकांनी नांगर टाकण्याआधी बांबूने तळ चाचपून घेतला. "हय गेल्या वर्षी बांबू लागा नाय, आता बघा," म्हणाले.

नमुना पांढऱ्या बादलीत ओतला. पोस्टलार्व्हा ओळखायची सोपी खूण अशी की बादलीतलं पाणी हाताने गोल फिरवलं की बाकी सगळं मधोमध गोळा होतं, आणि हे मात्र कडेला प्रवाहाकडे तोंड करून ओळीने स्थिर राहतात. काचेच्या सुईसारखं अंग, दोन काळे डोळे, पोटाखालचे पाय अखंड हलणारे. मायसिस असेल तर तो डोकं खाली करून लोंबकळल्यासारखा दिसतो आणि झटक्याने मागे सरकतो. बीज उबवणी केंद्रातले लोक हीच चाचणी करतात. जो पोस्टलार्व्हा कडेला टिकत नाही तो अशक्त.

फसले ते दिव्याचे सापळे. पाच लिटरच्या बाटलीला नरसाळी लावून आत एलईडी सोडून असे चार सापळे टांगले होते. अमावास्येला यांच्यात लार्व्हांची झुंबड उडते. आज चौदस, चंद्र डोक्यावर, सगळं पाणीच उजळलेलं. आमच्या दिव्याकडे कोण येणार? दोन तासांत चारही मिळून चमचाभरसुद्धा नाही. उधाणाची ओढ आणि अंधार दोन्ही हवे असतील तर पौर्णिमेचं नाही, अमावास्येचं उधाण धरावं. हे आम्हाला माहीत होतं, तरी दत्तजयंतीच्या सुट्टीसाठी तारखा तशा घेतल्या होत्या.

परतताना होडीच्या सावलीतल्या बाजूला वल्ह्याच्या टोकाशी निळसर ठिणग्या. नॉक्टिलुका. हिवाळ्यात कोकणात लाटा निळ्या चमकतात त्या बहुतेक वेळा हिच्यामुळे. एकच पेशी, पण अर्धा-एक मिलिमीटरची, नुसत्या डोळ्याला साबुदाण्याच्या चुऱ्यासारखी दिसणारी. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात जी हिरवी नॉक्टिलुका माजते तिच्या पोटात जिवंत हिरवे सूक्ष्म शैवल राहतात आणि ती त्यांच्यावरही जगते. ही मोजायची तर जिवंतच, त्याच रात्री. फॉर्मेलिनमध्ये ती सुरकुतून ओळखू येत नाही.

चौथा दिवस, पौर्णिमा: मोजणी आणि बार्नेकल

दत्तजयंती. गावात सकाळपासून पालखीची गडबड, काकींकडे नैवेद्याची. आम्ही पडवीत सूक्ष्मदर्शक लावून बसलो.

मोजणीत सगळ्यात जास्त चुका उपनमुना घेताना होतात. नमुना २०० मिलिलिटर करायचा, ढवळायचा, आणि रुंद तोंडाच्या पिपेटने ५ मिलिलिटर उचलायचा. ढवळताना गोल फिरवलं तर जड जीव मध्यावर जमतात, म्हणून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवायचा आणि थांबण्याआधीच पिपेट घालायची. समजा ५ मिलिलिटरमध्ये १८० कोपेपॉड निघाले. गुणिले ४०, म्हणजे ७,२००. भागिले ५५ घनमीटर, म्हणजे घनमीटरला सुमारे १३१. ज्या गटाचे पाच-सातच सापडतात त्यांच्यासाठी मात्र पूर्ण बाटली बघावी. पाचाला चाळीसने गुणून दोनशे मासे-अंडी लिहिणं म्हणजे अंदाजावर अंदाज.

जातीपर्यंत ओळख लार्व्हांची फार थोड्या वेळा होते. झोइयाच्या पाठीवरचा काटा, डोळ्यांमधली चोच, शेपटीची दुबेळकी बघून कुळ सांगता येतं, पुढे अडतं. व्हेलिजर तर सगळेच इंग्रजी डीच्या आकाराचे. म्हणून प्रत्येक ओढीचा एक हिस्सा डीएनएसाठी वेगळा: समुद्राचं पाणी चाळणीवर पूर्ण निथळून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, आणि चोवीस तासांनी अल्कोहोल बदलायचं. प्लवकात पाणीच इतकं असतं की पहिलं अल्कोहोल पातळ होऊन जातं. न बदलता ठेवलेले नमुने प्रयोगशाळेत काहीच देत नाहीत, आणि दोष किटला दिला जातो.

आता बार्नेकल. काल आणलेली खरवड रात्रभर ओल्या गोणपाटाशेजारी सावलीत कोरडी ठेवली होती. सकाळी ती २० मायक्रॉनमधून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात सोडली. दहा मिनिटं काही नाही. मग एकेका कवचाच्या तोंडाची झापडं उघडली, आतून पिसासारखे पाय बाहेर आले आणि पाणी उपसायला लागले. तासाभरात भांड्यात धूर सुटल्यासारखं दिसायला लागलं. ती नॉप्लियस पिल्लं, मादी-नर दोन्ही असलेल्या त्या प्राण्याने कवचात सांभाळून ठेवलेली. भांड्याच्या एका बाजूला टॉर्च लावला की दोन मिनिटांत सगळा धूर तिकडच्या कोपऱ्यात, पिपेटने उचलायला तयार.

कोपेपॉडचं नॉप्लियस आणि बार्नेकलचं नॉप्लियस नवख्याला सारखंच वाटतं. फरक कपाळाच्या दोन कोपऱ्यांत: बार्नेकलच्या पिल्लाला तिथे दोन शिंगं असतात. एकदा दिसली की पुन्हा चूक होत नाही. हे सहा वेळा अवस्था बदलून सायप्रिड होतं. सायप्रिड काही खात नाही. साठवलेल्या तेलावर जगत, स्पर्शिकांवर चालत जागा तपासत हिंडतं, आणि पसंत पडली की डोक्याकडून कायमचं चिकटतं. इतर बार्नेकलच्या शेजारी बसायला त्याला आवडतं, म्हणून होडीवर एक ठिपका दिसला की महिन्यात पट्टा होतो.

दुपारी चारला रॉक गार्डनचे खडक. पाऊणपटीच्या हिशेबाने भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास, आणि सूर्य मावळतो सहाला. उतरत्या पाण्यामागोमाग जायचं, पाणी वळलं की निघायचं. वळल्यावर खडकातल्या वाटा मागून भरतात. सगळ्यात वर बारीक गोगलगायी, त्याखाली बार्नेकलचा पांढरा पट्टा, मग कालवं, आणि खाली डबक्यांत झोअँथिडचे, म्हणजे समुद्रफुलांच्या नात्यातल्या जिवांचे, तपकिरी-हिरवे गालिचे. त्यांच्यावर पाय देऊ नये, त्यांना इजा होते आणि पायही घसरतो. इथे काहीही उचललं नाही, दगडसुद्धा उलटा केला नाही. डबक्यात फक्त थर्मामीटर. साडेपाचला सूर्य पश्चिमेला टेकत असताना मागे पूर्वेला चंद्र वर येत होता.

पाचवा दिवस, प्रतिपदा: रापण

पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली होती. दोन्ही टोकांना तीस-चाळीस माणसं, दोर पाठीवर घेऊन मागे मागे चालणारी. आम्हीही दोराला हात लावला. बघत उभं राहणाऱ्याला इथे चांगलं समजत नाहीत. बहुतेक पेडवे, थोडे बांगडे, बाकी बोटभर पिल्लं. रापणीच्या खोळीची जाळी किती बारीक असावी यावरून भांडणं का होतात हे वाळूवर पडलेली ती पिल्लं बघून समजतं. परवा आमच्या बाटलीत होती ती एक मिलिमीटरची अंडी, इथे होते त्यांच्यातले वाचलेले.

शेजारी एक आजी गोलमो वाळवत होत्या, म्हणजे आमच्या ५०० मायक्रॉनमधला जवळा. चटईवर पातळ पसरलेला, दर थोड्या वेळाने हाताने हलवलेला. आम्ही बाटलीतला दाखवला. त्यांनी बाटली उन्हाकडे धरली आणि म्हणाल्या, "ह्यो कवळो आसा. अजून आठ दिस रवाक होया हुतो." लांबी मोजली तर खरंच, चटईवरच्या जवळ्याहून तो निम्मा होता. अर्धा शेर विकत घेतला.

आवराआवर. जाळी गोड्या पाण्यात तासभर भिजवून सावलीत वाळवायची. उन्हात नायलॉन कडक होतं आणि मिठाचे खडे छिद्रं कापतात. प्रवाहमापकातलं पाणी काढून त्यात नवं गोडं पाणी भरायचं. बाटल्यांची झाकणं टेपने बंद, उभ्या, प्लास्टिकच्या खोक्यात भुसा भरून. फॉर्मेलिनमधला माल रेल्वेने येणार नव्हता, म्हणून एक जण खोक्यांसकट भाड्याच्या गाडीने घाटमार्गे निघाला, खिडक्या उघड्या ठेवून. बाकीचे कुडाळला.

डीएनएच्या बाटल्यांतलं अल्कोहोल निघण्याआधी बदललं. पडवीत जाळं अजून ओलं होतं. त्याला चिकटलेला एक ल्युसिफर काकींनी झाडूने झटकला.